शांत राहायचं म्हणजे अंग ढिलं सोडायचं का?

प्रश्न – पायरी:
सहा महिने ताई ची (संथ हालचालींची चिनी व्यायामकला) शिकते आहे. वर्गात तासभर अंग हलकं, श्वास खोल. वर्ग सुटून जिना उतरायला लागले की खांदे पुन्हा कानाशी. काल संगणकावर एक पान उघडायची नुसती वाट बघत होते, तेवढ्यातही जबडा आवळलेला आणि पायाची बोटं चपलेत मुडपलेली. शिक्षक म्हणतात, यिन (म्हणजे शांत, स्थिर बाजू) वाढवा. पण अंग सैल सोडलं की पाठीला बाक येतो आणि झोप यायला लागते. शांत आणि ढिलं यातला फरक कसा ओळखायचा? वेगळा वेळ काढणं जमत नाही, रोजच्या उठण्याबसण्यातलंच सांगा.

प्रतिसाद – संथपाणी:
हीच गल्लत मी दोन वर्षं केली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. यिन या शब्दाचा जुना अर्थ डोंगराची सावलीतली बाजू, यांग म्हणजे उन्हातली. डोंगर एकच. सावलीकडून तो काही ढासळलेला नसतो.

ताई चीत सैलपणाला 'सोंग' म्हणतात (आपल्या सोंगाशी नातं नाही). त्या चिनी अक्षरात वर केसांचं चिन्ह आहे. मोकळे केस खाली ओघळतात, पण मुळाशी डोक्याला पक्के असतात. अंगाचंही तसंच. ताई चीचे नावाजलेले गुरू यांग चेंगफू (१८८३–१९३६) यांच्या दहा सूत्रांपैकी पहिलं डोक्याचंच आहे: टाळू वर तरंगती हवी, पण मान ताठ नको. तुम्ही टाळूही सोडून देता, म्हणून बाक येतो. टाळू वर राहू द्या आणि तिच्याखाली खांदे, कोपरं, कंबर ओघळू द्या.

आता जिना. खालच्या पायरीवर पाऊल ठेवाल ते आधी रिकामं ठेवा, त्यावर भार नको. तळवा पूर्ण टेकला की मग एका भांड्यातून दुसऱ्यात पाणी ओतावं तसं वजन त्यात उतरवा. रिकामं आणि भरलेलं ओळखणं हेही त्या दहांतलंच एक सूत्र. आपण बहुतेक वेळा पाऊल टेकायच्या आधीच वजन टाकतो. मग तोल सावरायला खांदे वर धावतात. तुमचे खांदे जिन्यातच चढतात, यावरून मला तरी हेच वाटतं.

खुर्चीतून उठतानाही हेच. कमरेतून पुढे झुका, वजन तळव्यांवर आलं की मगच उठा. हनुवटीने उठू नका.

प्रतिसाद – दीर्घश्वास:
वरच्याला एकच जोड. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी मंदावते, घेताना वाढते. म्हणून चार मोजत घ्या, सहा मोजत सोडा. ताण जाणवला तर आकडे सोडून द्या. जबरदस्तीने लांबवलेला श्वास शांत नसतो. आणि पान उघडायची वाट बघणं ही उत्तम वेळ आहे, वाया घालवू नका.

पायरी:
आज जिन्यात करून पाहिलं. पहिल्या तीन पायऱ्या जमल्या, चौथीला फोन वाजला आणि पाऊल आपटलं. पण उजवं पाऊल मी कधीच रिकामं ठेवत नाही, हे आज पहिल्यांदा कळलं. डावं आपोआप ठेवते. उजव्या गुडघ्यावर पूर्वी मार बसला होता, त्याचा संबंध असेल का? संथपाणी, याबद्दल काही सांगाल का?