मायोसिलिनची अँटीबॉडी: सशाला कुठला तुकडा टोचावा?

ब्लॉटवाली_पुणे
काचबिंदूतलं मायोसिलिन हे प्रोटीन हा माझा पीएचडीचा विषय. डोळ्यातलं पाणी ज्या जाळीतून निचरतं, तिथल्या पेशींना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं की त्यांच्या मिडियममध्ये (पेशी ज्या द्रवात वाढतात तो) वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे जेलवर वजनानुसार वेगळी केलेली प्रोटीन्स अँटीबॉडीने ओळखायच्या चाचणीत, ५५-५७ किलोडाल्टन वजनाला जोडबँड दिसतो, शिवाय ३५ च्या आसपास एक. अँटीबॉडी विकतची, पॉलिक्लोनल, म्हणजे अनेक अँटीबॉडींचं मिश्रण. सर म्हणतात ३५ चा कचरा आहे, आपली स्वतःची करू. मायोसिलिनच्या शेवटच्या टोकाचा पेप्टाइड (छोटा तुकडा) सशाला टोचायचं ठरतंय. पुढे क्यू-३६८-एक्स म्युटेशनही बघायचंय. चालेल का?

हायब्रिडोमा_काकू
ससा आणू नकोस एवढ्यात! क्यू-३६८-एक्समध्ये ५०४ पैकी ३६७ अमिनो आम्लांवरच साखळी संपते. टोकच नाही, तर अँटीबॉडी धरणार कशाला? ब्लॉट कोरा येईल आणि सर म्हणतील, प्रोटीन बनतच नाही.

३५ वालाही कचरा नसावा. कॅल्पेन-२ हे एन्झाइम मायोसिलिनला २२६ आणि २२७ व्या अमिनो आम्लांच्या मध्ये कापतं, मागचा तुकडा साधारण तेवढाच भरतो. जोडबँड ५७ व्या जागेवरच्या साखरेमुळे. पीएनगेज-एफ हे साखर काढणारं एन्झाइम देऊन बघ, एक व्हायला हवा.

मी दोन अँटीबॉडी करेन: एक मायोसिलिनच्या पुढच्या, कॉइल्ड-कॉइल (पिळाच्या) भागावर, दुसरी मागच्या ओल्फॅक्टोमेडिन डोमेनवर (स्वतंत्र घडीच्या भागावर) पण ३६८ च्या अलीकडे. पुढच्या पेप्टाइडमध्ये ४८ वी जागा टाळ. तिथे ग्लुटामिनचं हिस्टिडिन झालेले भारतीय रुग्ण कोलकात्याच्या गटाने २००२ मध्येच दाखवलेत.

ब्लॉटवाली_पुणे
काकू, अख्खं ओल्फॅक्टोमेडिनच टोचलं तर?

हायब्रिडोमा_काकू
कशासाठी हवी त्यावर आहे. त्या डोमेनची रचना २०१५ मध्ये जॉर्जिया टेकच्या लिबरमन यांच्या गटाने काढली: पाच पात्यांचा पंखा, मध्ये कॅल्शियम. घडी शाबूत ठेवून एलायझावर (प्लेटवर अँटीबॉडी चिकटते का बघायची चाचणी) क्लोन, म्हणजे एकेकच अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशी, निवडलेस, तर घडीच ओळखणारे बरेच मिळतील आणि ब्लॉटसाठी प्रोटीन उकळून, घडी उलगडून एसडीएस जेलवर चालवलं की तेच गप्प बसतील. लोक एलायझावर खूष होतात आणि ब्लॉटला रडतात. ब्लॉट करायचा तर पहिल्या चाळणीपासून ब्लॉटच कर.

उंदीरखाना
नॉकआउट उंदराची, म्हणजे मायोसिलिनचं जनुकच बंद केलेल्या उंदराची, डोळ्यातली जाळी कंट्रोलला मागवा. मायोसिलिन नसूनही त्यांना काचबिंदू होत नाही, बिघडलेलं प्रोटीन पेशीत साचणं हेच दुखणं. तिथेही बँड आला, तर अँटीबॉडी दुसरंच काहीतरी धरतेय.

हायब्रिडोमा_काकू
बरोबर. आणि म्युटंटचं लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) व मिडियम शेजारीशेजारी चालव. ते बाहेर पडत नाही, आतच अडकतं. नुसतं मिडियम बघत बसलीस तर पुन्हा कोरा ब्लॉट.