बी विंगची भिंत

नेनेकाका बी-४०२: सुप्रभात. लिफ्टसमोरची भिंत बघा. रंग लावून पंधरा दिवस नाही झाले. खडूचा निळा हत्ती. कुणाचे प्रताप ते मी बोलणार नाही.

सावंत ए-१०१: ५०० रु. दंड. ठराव झालेला आहे.

केतकी बी-४०३: आमच्याच अर्णवचं काम काका, सॉरी. संध्याकाळी तो आणि मी पुसतो.

मोघेकाकू बी-३०२: मला डायनासोर वाटला 😄

नेनेकाका: पुसणं ठीक. आठवडाभर खाली खेळायला सोडू नका. आम्हाला एक धपाटा पुरायचा.

केतकी: काका, भिंतीचा आणि खेळण्याचा संबंध काय? पाच वर्षांच्या पोराला तो जोडता येत नाही. जे बिघडवलं तेच निस्तरायचं, चारचौघांत पाणउतारा न करता, त्याला झेपेल एवढंच. ड्रायकर्स नावाचे डॉक्टर व्हिएन्नाहून शिकागोला गेले, त्यांनी मांडलंय हे.

तुषार सी-३०४: कुठल्या विंगला राहतात? मेंटेनन्स भरतात का?

सावंत: ५०० रु. ठराव बघावा.

देसाईबाई ए-३०२: मी तीस वर्षं बालवाडी घेतली. "पूस आता, कळलं ना!" असं खेकसून पुसायला लावलं तर तीही शिक्षाच गं केतकी, नाव फक्त नवं. आणि तीनच्या आतल्याला एवढंही कळत नाही, त्याला उचलून दुसरीकडे न्यायचं. धपाट्याचं म्हणाल तर शाळेत २००९च्या कायद्याने बंद आहे, काका.

नेनेकाका: घर म्हणजे शाळा नव्हे.

मोघेकाकू: मग केतकीचा नियम मोठ्यांनाही लावू या की. तुमच्या कुंड्यांचं पाणी रोज माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर पडतं. निस्तरायचं कुणी? या काका, धुवायला.

नेनेकाका: तो विषय मीटिंगमध्ये झालेला आहे.

मोघेकाकू: झाला, पण पाणी थांबलं नाही.

सेक्रेटरी: कृपया ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा 🙏 उद्या टाकी सफाई, १० ते १ पाणी नाही.

सावंत: ५०० रु. चं काय झालं?

(सायं. ७.१०)

केतकी: पुसलं. फोटो टाकलाय.

नेनेकाका: दार उघडंच होतं, बघत होतो. पोरगं दहा मिनिटं घासतंय, पुढचा अर्धा तास तुम्हीच. शिस्त कुणाला लागली?

केतकी: 🙈 त्याचे हात तेवढ्यावरच पोहोचतात काका. सोंड वर होती, मी स्टुलावर चढले.

नेनेकाका: सोंड अजून दिसते. जुना टूथब्रश आणि पेस्ट घेऊन जा. त्यालाच पाठवा.

सावंत: दंड?