परसातल्या कोंबड्या आणि त्यांच्यावर टपलेले : तुमचे अनुभव लिहा

गावठी कोंबडी मोकळी सोडायची की कोंडून पाळायची, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे. दिवसभर उकिरडा उकरून, वाळवी टिपून, धुळीत अंग घोळवून घरी येणाऱ्या कोंबडीची तब्येत कोंडलेलीला येत नाही. पण मोकळ्या कोंबडीवर सगळ्या रानाचा डोळा असतो. तुमच्याकडे कोण येतं, कधी येतं आणि कशानं थांबलं, ते लिहा. विषाचे उपाय मात्र नकोत. मुंगूस, रानमांजर मारणं 1972च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहेच, शिवाय विष घातलेलं मांस घार आणि शेजारचं कुत्रंही खातं.

सुरुवात मी करते. आमच्या संगमेश्वराकडे मुख्य त्रास मुंगसाचा, आणि तोही भरदिवसा. माणसं जेवून आडवी झाली की गडग्याच्या दगडांतून डोकं वर येतं. खुराडं चिऱ्याचं, भक्कम. पण दाराखाली दोन बोटं फट होती, तिथे पत्रा ठोकला. मग ते भिंतीच्या कडेनं उकरू लागलं. त्यावर वेल्डमेशची हातभर रुंद पट्टी खुराड्याभोवती जमिनीवर आडवी अंथरली, भिंतीला तारेनं घट्ट बांधली आणि वर चिरे ठेवले. उकरणारा प्राणी भिंतीला चिकटूनच उकरतो, मागे सरकून सुरुवात करायचं त्याला सुचत नाही. जाळीला नखं लागली की सोडून जातो. खोल चर खणून जाळी पुरण्यापेक्षा हे सोपं, आणि कातळावर तर दुसरा इलाजच नाही.

भोरहून
ताई, जाळीआधी खुणा बघाव्यात असं मी सांगेन. मान चावलेली कोंबडी जागेवरच पडली असेल तर बहुधा मुंगूस किंवा उदमांजर. कोंबडीच गायब आणि पिसांची रेघ बांधापर्यंत गेलेली असेल तर रानमांजर, कोल्हा किंवा भटकं कुत्रं. अंडी गेली आणि टरफलाचा तुकडाही नाही, तर साप धरून चाला. वेळही बघा. मुंगूस दिवसाचं, उदमांजर रात्रीचं, रानमांजर जास्त करून तिन्हीसांजेला नाहीतर पहाटे. रात्रीच्या चोराला दिवसा राखण करून काय उपयोग?

देवगडहून
आमच्याकडे घार आणि शिक्रा, दोन्ही पिल्लांवर. कोंबडा असू द्याच. त्याची हाक नीट ऐका: वर घार दिसली की तो एकच बारीक, लांब आवाज काढतो, मान तिरकी करून एक डोळा आभाळाकडे लावतो, आणि कोंबड्या करवंदीच्या जाळीत शिरून गप्प होतात. कुत्रं किंवा मुंगूस दिसलं तर तोच कोंबडा थांबून थांबून मोठ्यानं ओरडतो, तेव्हा माना उंच करून सगळ्या उभ्या. म्हणून अंगण साफ ठेवायच्या नादात झुडपं तोडू नका. पिल्लं लहान असेपर्यंत आम्ही मासेमारीचं जुनं जाळं वर ताणतो.

त्याला जोडून, कुडाळहून
जाळं फक्त वरच बांधा, जमिनीपर्यंत सोडू नका. नायलॉनमध्ये साप अडकतो, खवल्यांत दोरा रुततो आणि तो सुटत नाही. सर्पमित्राला बोलवा, स्वतः कात्री घेऊन जाऊ नका; नाग असू शकतो. आमच्याकडे अंड्यांना नागच येत होता. सहा कोनांच्या कोंबडीजाळीतून साप आरामात जातो, अर्ध्या इंचाची वेल्डमेशच लागते. आणि रात्री खुराड्यात दाणे सांडलेले ठेवू नका. दाण्याला उंदीर, उंदराला साप.

कराडहून
आमचं सगळं कुत्र्यावर. कोंबडीची पिल्लं आणि कुत्र्याचं पिल्लू एकत्र वाढवलं. खुडूक कोंबडीच्या टोची खाल्लेलं कुत्रं जन्मभर कोंबड्यांच्या वाटेला जात नाही. रात्री डालग्यावर मोठा धोंडा ठेवायचा, शेजारी कुत्रं.

जुन्नरहून
दादा, आमच्या उसाच्या पट्ट्यात हे करू नका. कुत्र्यासाठीच बिबट्या घरापाशी येतो. आम्ही कुत्रं रात्री बंद पडवीत घेतो. खुराडं घराच्या भिंतीला लागून आहे, वरूनही जाळी आहे, आणि दार दिवस मावळायच्या आत लावतो. ते दार लावायला अंधारात बाहेर जायची पाळी येऊच नये.

लांजाहून
माझ्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, खुराड्यात येतच नाहीत, फणसावर बसतात. उदमांजर तर झाडावरच चढतं. काय करू?

उत्तर, संगमेश्वराहून
आठवडाभर त्यांना खुराड्यातच कोंडा, तिथेच दाणा-पाणी द्या. आत कमरेएवढ्या उंचीवर आडवा बांबू बांधा. त्यांना उंच बसायचंच असतं. नंतर सोडाल तेव्हा संध्याकाळचा दाणा फक्त खुराड्यातच टाका. एखादी तरीही झाडावर गेलीच, तर अंधार पडल्यावर हातानं उतरवून आत ठेवा. अंधारात कोंबडीला दिसत नाही, ती फडफडत नाही. फणसाच्या बुंध्याला माणसाच्या उंचीवर गुळगुळीत पत्र्याचा रुंद पट्टा गुंडाळा. मात्र शेजारच्या झाडाची फांदी फणसाला टेकत असेल तर ती आधी छाटा.