मेटॅलिका बंगळुरू २०११: फक्त मलाच अर्धंमुर्धं वाटलं का?

या अमेरिकन हेवी मेटल बँडचा शाळेपासूनचा फॅन आहे मी. ३० ऑक्टोबरला पॅलेस ग्राउंड्सवरच्या कॉन्सर्टला होतो, पुण्याहून रात्रभर बसने गेलेलो, घोट्यापर्यंत चिखल, मागे गिटारचा आवाज नुसता गिचमिड आणि पुढचा उंच भाऊ सारखा मोबाईल वर धरून. पण गिटारच्या पहिल्या रिफला अंगावर काटा आला तो आलाच. तुम्हाला काय वाटलं?

प्रतिसाद १: मागे उभं राहिलास तिथेच गंडलास रे. आम्ही दुपारपासून रेलिंगला चिकटून, ड्रम थेट छातीत. पाणी मात्र मिळेना.

प्रतिसाद २: नशीबवान आहात लेको! माझं तिकीट २८च्या गुरगावच्या शोचं होतं, ऐनवेळी रद्द.

प्रतिसाद १: अरेरे. मग चिखल परवडला.