संक्रांतीनंतरची सहल : मुलींच्या बास्केटबॉलला जायचं का?

प्रेषक: मेधा (सचिव)

नमस्कार मंडळी,

हळदीकुंकू आटोपलं की आपण दरवर्षी एक सहल काढतो. यंदा कार्यकारिणीत सूचना आली आहे की आयोवा सिटीला कार्व्हर-हॉकाय अरीनात, म्हणजे आयोवा विद्यापीठाच्या बंदिस्त स्टेडियममध्ये, जाऊन तिथल्या मुलींच्या संघाची मॅच सगळ्यांनी मिळून बघावी, आणि गणेशोत्सवातून उरलेल्या पैशांतले ५०० डॉलर मुलींच्या बास्केटबॉलच्या निधीला द्यावेत. रविवारी बैठक आहे. त्याआधी मतं कळवा.

मेधा

---

प्रेषक: श्रीकांत (खजिनदार)

मेधाताई,

मॅचला माझी ना नाही, पैशांना आहे. एनसीएएने, म्हणजे अमेरिकेतल्या कॉलेजांच्या खेळांच्या संघटनेने, २०२४ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीशी आठ वर्षांचा ९२ कोटी डॉलरचा करार केला. त्यात चाळीस स्पर्धा आहेत आणि मुलींची बास्केटबॉल स्पर्धा त्यातली सगळ्यात महत्त्वाची. इतका पैसा जिथे फिरतो तिथे आपल्या ५०० डॉलरचं काय होणार? आपली मराठी शाळा चर्चच्या तळघरात भरते. तिसरीच्या मुलांना वाचायला चार पुस्तकं धड नाहीत. लोकांनी गणपतीसाठी वर्गणी दिली आहे, तिचा हिशेब मला द्यावा लागतो. म्हणून स्पष्ट लिहिलं, राग नसावा.

श्रीकांत

---

प्रेषक: अनघा

श्रीकांतदादा,

राग कसला? ५०० डॉलर शाळेच्या पुस्तकांनाच जावेत, असं मलाही वाटतं. ती सूचना माझीच होती, मी मागे घेते. पण सहल मागे घेत नाही. का, ते जरा सविस्तर लिहिते.

मी १९९२ ते ९५ नागपूरला कॉलेजच्या संघात खेळले. कोर्ट सिमेंटचं होतं, वर छप्पर नाही. सकाळ-संध्याकाळ मुलांचा सराव, आम्हाला दुपारी तीनची वेळ. नागपूरची एप्रिलमधली दुपार ज्यांना माहीत आहे त्यांना जास्त सांगायला नको. बुटांतून तळपाय भाजायचे. कपडे बदलायला खोली नव्हती, लायब्ररीतल्या बाई त्यांची खोली दहा मिनिटं द्यायच्या. जर्सी मुलांच्या जुन्या, नंबर उसवून पुन्हा शिवलेल्या. हे सगळं आम्ही सहन केलं, कारण खेळायला मिळत होतं. मनाला लागायची ती एकच गोष्ट : बघायला कुणी नसायचं. आंतरमहाविद्यालयीन फायनल आम्ही माळी आणि दोन पंच यांच्यासमोर जिंकलो. पुढे पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली तेव्हा मला तिच्या खेळाइतकंच कौतुक वाटलं ते तिच्या सामन्यांना गर्दी होते याचं.

इथे आले तेव्हा शेजारी एक आजी होत्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. त्या शाळेत ‘सिक्स-ऑन-सिक्स’ खेळल्या होत्या. एका संघात सहा मुली, तीन फॉरवर्ड, तीन गार्ड. मधली रेषा कुणी ओलांडायची नाही, दोनदाच ड्रिबल करायचं. म्हणजे गार्ड मुलीला अख्ख्या कारकिर्दीत एकही बास्केट टाकायला मिळायची नाही. मुलींना पूर्ण कोर्ट धावणं झेपणार नाही, अशी त्यामागची समजूत. पण याच आयोवात त्या खेळाला डे मॉइनचं व्हेटरन्स ऑडिटोरियम भरायचं. १९६८ ची राज्य फायनल युनियन-व्हिटननं एव्हर्लीविरुद्ध ११३-१०७ अशी जादा वेळेत जिंकली. त्यातल्या डेनिस लाँगला पुढच्या वर्षी एनबीएच्या, म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधल्या, सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सनं ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, निवडलं होतं, निवड रद्द झाली ती गोष्ट वेगळी. गावंच्या गावं मुलींच्या मॅचसाठी गाड्या काढून डे मॉइनला जायची. आजी सांगायच्या, त्या दिवशी गायींची धार लवकर काढायची.

१९९३ मध्ये तो प्रकार संपला, सगळीकडे पाच-पाचचा खेळ आला. बघायची सवय मात्र राहिली. माझ्या मते आजचं सगळं त्या सवयीवर उभं आहे.

आयोवा विद्यापीठात क्रिस्टीन ग्रँट १९७३ पासून २००० पर्यंत महिला क्रीडा विभागाच्या प्रमुख होत्या. मूळच्या स्कॉटलंडच्या, हॉकीच्या. मुलांचा विभाग वेगळा, मुलींचा वेगळा, आणि मुलींचा यांच्या हातात. १९८३ मध्ये त्यांनी व्हिव्हियन स्ट्रिंगरना मुलींच्या बास्केटबॉलच्या प्रशिक्षक म्हणून आणलं. त्याच वर्षी कार्व्हर उघडलं होतं. तुम्ही आत गेलात तर बघाल, ते टेकडीत खणलेलं आहे : दारातून आत शिरलो की आपण सगळ्यात वरच्या ओळीत असतो आणि कोर्ट खाली खोल. ३ फेब्रुवारी १९८५ ला ओहायो स्टेटविरुद्धच्या मॅचला तिथे २२,१५७ लोक आले. जागा साधारण पंधरा हजारांची! लोक जिन्यात बसले, अग्निशमन अधिकाऱ्यांनी विद्यापीठाला समज दिली. आयोवाची गाजलेली खेळाडू केटलिन क्लार्क हिचा जन्म २००२ चा. म्हणजे तिच्या जन्माच्या सतरा वर्षं आधी इथली माणसं मुलींच्या मॅचला जिन्यात बसत होती.

म्हणून कुणी म्हटलं की ‘एक पोरगी आली आणि मुलींचं बास्केटबॉल चाललं’, की मला वाईट वाटतं. केटलिन असामान्यच होती, कॉलेजच्या कारकिर्दीत ३,९५१ गुण कुणी सहज करत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये किनिक या विद्यापीठाच्या फुटबॉल स्टेडियममध्ये उघड्यावर खेळलेल्या मॅचला ५५,६४६ लोक आले, आम्हीही होतो, वारा असा की फ्री थ्रो वळत होते. पण त्या गर्दीतल्या माझ्या पुढच्या ओळीत तीन म्हाताऱ्या बायका होत्या, त्यांच्याकडे केटलिनच्या प्रशिक्षक लिसा ब्लूडर इथे आल्या तेव्हापासूनची, म्हणजे २००० पासूनची सीझन तिकिटं होती. प्रशिक्षकाला तेवीस-चोवीस वर्षं एका जागी काम करता येतं ते अशा लोकांमुळे.

आता सोयींबद्दल. टायटल नाइन हा शिक्षणसंस्थांत मुलामुलींमध्ये भेदभाव करू नये असं सांगणारा अमेरिकेचा कायदा १९७२ चा. तो फक्त संघ काढा असं म्हणत नाही. लॉकर रूम कशी, सरावाची वेळ कोणती, प्रवास कसा, राहण्याची सोय, साहित्य, डॉक्टर, प्रसिद्धी, अशी यादीच त्यात तपासली जाते. आणि यातली एक गोष्ट आपल्यातल्या देणगीदारांना सहसा माहीत नसते : मुलांच्या संघाला कुणी बाहेरून पैसे देऊन चकचकीत लॉकर रूम बांधून दिली, तरी ‘ती देणगीतून झाली’ हे कारण चालत नाही. मुलींना त्या तोडीची सोय देण्याची जबाबदारी कॉलेजचीच. माझ्या तीनच्या दुपारचा हिशेब कुणीतरी मागू शकलं असतं, हे मला इथे आल्यावर कळलं.

कायदा असूनही २०२१ मध्ये काय झालं ते आठवा. एनसीएएची मुलांची बास्केटबॉल स्पर्धा इंडियानापोलिसला, मुलींची सॅन अँटोनियोला. मुलांना हॉलभर व्यायामाची यंत्रं आणि मुलींच्या चौसष्ट संघांना डंबेलचा एक छोटासा रॅक. ओरेगॉनच्या सेडोना प्रिन्सनं त्याचा व्हिडिओ टाकला, तो जगानं पाहिला. पुढच्याच वर्षी मुलांच्या स्पर्धेचं ‘मार्च मॅडनेस’ हे नाव मुलींच्या स्पर्धेलाही मिळालं आणि संघ चौसष्टचे अडुसष्ट झाले. ज्या कॉलेजच्या मुली पुढे जातील त्या कॉलेजला पैसे देण्याची पद्धत मुलांमध्ये कित्येक वर्षं होती, मुलींना ती २०२५ पासून लागू झाली. पहिल्या वर्षी दीड कोटी डॉलर. बघणारे होते, म्हणून त्या व्हिडिओचा बभ्रा झाला.

म्हणून माझं म्हणणं बदलून मांडते. कार्व्हरची तिकिटं महाग आहेत आणि तिथे आपली फारशी गरजही नाही. आपल्यापासून दहा मिनिटांवर जे छोटं कॉलेज आहे, तिथे बुधवारी संध्याकाळी जाऊ या. मी दोनदा गेले, साठ-सत्तर माणसं होती.

अनघा

---

प्रेषक: सुलभाकाकू

अनघा, वाचता वाचता रडू आलं गं. मी येणार. मुलींसाठी तिळाचे लाडू करते, शंभरेक करू का?

---

प्रेषक: सानिका

नमस्कार सगळ्यांना,

आईनं हे मेल मला पाठवले. मी त्याच कॉलेजात गार्ड खेळते. माझं लेखी मराठी आपल्या तळघरातल्या शाळेतलंच आहे, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही एनसीएएच्या तिसऱ्या गटात, डिव्हिजन थ्रीमध्ये आहोत, म्हणजे खेळासाठी स्कॉलरशिप कुणालाच मिळत नाही, मुलांनाही नाही. जिममध्ये व्हॉलीबॉल, कुस्ती आणि बास्केटबॉलचे दोन्ही संघ, त्यामुळे आठवड्यात दोन दिवस आमचा सराव पहाटे सहाला. घोटा बांधायला एकच ट्रेनर, तिच्या दारात रांग. लांबच्या मॅचहून बस रात्री एकला परत येते आणि आठला लॅब असते. तक्रार नाही, हे मी आवडीनं करते.

पण एक सांगते. आमची मॅच साडेपाचला असते आणि त्याच कोर्टवर मुलांची साडेसातला. आमच्या तिसऱ्या क्वार्टरपर्यंत बाकं रिकामी. चौथ्या क्वार्टरमध्ये लोक यायला लागतात, जागा धरतात, कोट ठेवतात, पॉपकॉर्न आणायला जातात. ते मुलांच्या मॅचला आलेले असतात. शेवटच्या पाच मिनिटांत जिम भरते आणि ती आमच्यासाठी भरलेली नसते, हे खेळताना कळतं. तुम्ही आलात तर कृपया साडेपाचला या.

काकू, लाडू मला खूप आवडतात, पण खेळाडूंना बाहेरून काही देण्याचे एनसीएएचे नियम असतात. आधी कोचना विचारते. आपल्या मंडळाचं ढोलपथक तिथे वाजवू शकेल का, तेही विचारते. खेळ सुरू असताना वाजवता येत नाही, मध्यंतर पंधरा मिनिटांचं असतं.

सानिका

---

प्रेषक: श्रीकांत

सानिका बाळा, तुझं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध आहे.

मंडळाचे पैसे पुस्तकांना, हे ठरलं समजतो. तिकीट ज्याचं त्यानं काढायचं. माझ्या घरची चार धरा. मीही आजवर मुलांच्या मॅचला सातला जायचो आणि कोट ठेवून पॉपकॉर्न आणायला जायचो. मला खरंच सुचलं नव्हतं.

श्रीकांत

---

प्रेषक: मेधा (सचिव)

मंडळी,

बैठकीत एकमतानं ठरलं : एकोणतीस जण, बुधवारी, छोट्या कॉलेजात. जानेवारीत गेलो की फेब्रुवारीतल्या दोन घरच्या मॅचनाही जायचं, नावं माझ्याकडे द्या. कोच म्हणाल्या की लाडवांचं त्या कॉलेजच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विभागाला) विचारून सांगतील, तोपर्यंत सुलभाकाकूंचे लाडू प्रेक्षकांपुरते. ढोलाला मध्यंतरात परवानगी मिळाली आहे, दोन ढोल, एक ताशा. बर्फाचा अंदाज आहे, गाड्या वाटून घेऊ. ज्यांना जागा हवी त्यांनी आज रात्रीपर्यंत कळवा.

पाच वाजून दहा मिनिटांनी जिमच्या दारात भेटू, म्हणजे मुली वॉर्म-अपला बाहेर येतील तेव्हा आपण बाकांवर असू.

मेधा