भांडणं थोपवायला नववीच्या मुलांनाच तयार करावं का?

नववी_ब_च्या_बाई
मी सिंहगड रस्त्याजवळच्या एका शाळेत वर्गशिक्षिका आहे. मागच्या महिन्यात शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर राडा झाला. कारण काय, तर एकाने दुसऱ्याच्या स्टेटसवर हसण्याची इमोजी टाकली. ‘खुन्नस दिली’ म्हणे. दोन्हीकडून बाहेरची मोठी मुलं आली आणि आमच्या एका विद्यार्थ्याच्या डोक्याला सहा टाके पडले.

निम्म्या वर्गाला आदल्या रात्रीच माहीत होतं की ‘उद्या मॅटर आहे’. मला कुणी सांगितलं नाही. विचारलं तर एक मुलगी म्हणाली, “बाई, तुम्ही लगेच पालकांना बोलावता, मग सांगणाऱ्याचं नाव फुटतं.” खरं आहे, मी तेच करते.

आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात दर वर्गातून दोन विद्यार्थी दूत नेमायचे असतात आणि हिंसेपासून सुरक्षितता हा त्यातला एक विषय आहे. त्याच धर्तीवर काही करावं असं मनात आहे. पण मुख्याध्यापकांना हुशार, शिस्तीतलीच मुलं हवीत. एक पालक तर म्हणाले, “माझ्या पोराला मध्ये घालू नका, उद्या त्यालाच मारतील.” त्यांना काय सांगू?

समुपदेशक_हडपसर
बाई, त्या पालकांचं बरोबर आहे. चालू भांडणात मुलांनी पडायचंच नाही, हे पहिल्याच दिवशी बजावा. त्यांचं काम आदल्या रात्रीचं. तापलेल्या मित्राला फोन करायचा, स्क्रीनशॉट पुढे पाठवायचा नाही, दुसऱ्या दिवशी त्याच्याबरोबर घरी चालत जायचं. आणि व्हिडिओ काढायला थांबायचं नाही. बघे नसले की अर्धी भांडणं तिथेच विरतात, हे मी अनेकदा पाहिलंय.

निवड तुम्ही करू नका. प्रत्येकाकडून बिननावाची चिठ्ठी घ्या: अडचणीत आलास तर वर्गात कुणाला सांगशील?

दप्तरात कोयता, जिवाची धमकी, घरी मारहाण असं काही कळलं तर मात्र ते मुलांनी पोटात ठेवायचं नाही. त्याच दिवशी तुम्हाला सांगायचं, नाहीतर 1098 या मुलांच्या हेल्पलाइनला फोन. आणि सांगणाऱ्याचं नाव तुमच्या तोंडून कधीही बाहेर पडता कामा नये. एकदा फुटलं की पुन्हा कुणी येणार नाही.

पर्वती_पायथा
माझं वय 20. नववीत असताना वस्तीतला एक ‘भाई’ म्हणायचा, अठराच्या आत आहेस, तुला काही होत नाही. मला ते खरं वाटायचं. 2015 च्या कायद्याने 16 ते 18 वयाच्या मुलाने खुनासारखा गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ तपासणी करून खटला मोठ्यांसारखा चालवायला पाठवू शकतं. हे मुलांना मुलांच्याच तोंडून कळू द्या.

मी एका संध्याकाळी त्यांच्याबरोबर जाणार होतो. शेजारचा मित्र सायकल घेऊन दारात आला, “पंक्चर काढायला चल.” दुकानात पाण्यात ट्यूब बुडवली, एक बुडबुडा नाही. त्याला कुणी प्रशिक्षण दिलं नव्हतं. दिलं असतं तर आमच्या गल्लीतले आणखी दोघं वाचले असते असं वाटतं.

दोन_मुलींची_आई_कोथरूड
मुलींनाही घ्या. कोण कुणावर खार खाऊन आहे, हे त्यांना आधी कळतं.

नववी_ब_च्या_बाई
आज चिठ्ठ्या घेतल्या. 46 मुलं. एका मुलीचं नाव 11 वेळा आलं. सगळ्यांत जास्त, 19 वेळा, आलेलं नाव ज्याचं आहे त्या मुलाला मी जूनपासून तीनदा वर्गाबाहेर उभं केलंय. उद्या मधल्या सुट्टीत त्याला बोलावते. आधी माफी मागावी की काम सांगावं, ठरत नाहीये.