मदत हवी आहे: पार्क आणि रिसॉर्टची खरी अवस्था दाखवणारं कोणी आहे का?

नमस्कार मंडळी, दिवाळीच्या सुट्टीत आई आणि मुलांना घेऊन बडोद्याहून खोपोलीच्या इमॅजिका थीम पार्कला जायचंय, मुक्काम जवळच्याच एखाद्या रिसॉर्टवर. पार्कवेड्यांचे बरेच व्हिडिओ पाहिले, पण सगळीकडे ड्रोनचे शॉट आणि 'एकदम भन्नाट'. फुकट बोलावणं होतं की तिकीट काढून गेले, हे क्वचितच कोणी सांगतं. मला हे फार खटकतं, कारण लोक त्यावर भरवसा ठेवून पैसे भरतात.

मागे एका रिसॉर्टवर स्लाइडच्या सांध्यावरचं फायबर उखडलं होतं, मुलीचं कोपर सोलवटलं. व्हिडिओत तीच स्लाइड लखलखत होती. पाण्यालाही उग्र वास होता. असा वास म्हणजे पाणी स्वच्छ असं नाही. घाम-लघवीशी क्लोरीनचा संयोग झाला की तो येतो. पाण्यात मोकळा, म्हणजे असा संयोग न झालेला क्लोरीन साधारण 1 ते 3 पीपीएम (दहा लाख भागांत 1 ते 3 भाग) आणि पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, 7.2 ते 7.8 हवा.

तर, इतक्यात कोणी जाऊन आलंय का? राइड किती बंद होत्या? स्वच्छतागृहं संध्याकाळी कशी असतात? आईचे गुडघे दुखतात, बसायला सावली मिळते का? आणि पाणी तपासायच्या पट्ट्या बडोद्यात कुठे मिळतील? साधे मोबाइलवरचे फोटो टाकलेत तरी चालतील.